बेडफर्ड आरएल: जुना ब्रिटिश लष्करी ट्रक घेणं, उभा करणं आणि चालता ठेवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडमधल्या लूटन शहराच्या बाहेर एका शेतावर पत्र्याची शेड आहे. तिथे माझी १९५८ सालची बेडफर्ड आरएल उभी असते. २०१४ साली ती घेतली, २०१९ साली ती स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आली. तेव्हापासून इंग्लंडमधले मराठी मित्र, कोल्हापूरचे नातेवाईक आणि गावोगावच्या मेळाव्यांत भेटणारे अनोळखी लोक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे. यातलं बरंचसं कुठल्याही जुन्या ब्रिटिश लष्करी ट्रकला लागू पडेल, पण मी बोलतोय ते माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीबद्दल.

आरएल म्हणजे नक्की कुठली गाडी?

बेडफर्ड हे व्हॉक्सहॉल कंपनीच्या ट्रकचं नाव. व्हॉक्सहॉल १९२५ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने घेतली आणि १९३१ पासून लूटनमध्ये बेडफर्ड नावाचे ट्रक बनू लागले. कारखाना बेडफर्डशायर परगण्यात होता, त्यावरूनच गाडीला नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्याने सैन्याला सुमारे अडीच लाख ट्रक पुरवले. पन्नासच्या दशकात ट्रकचं काम जवळच्या डन्स्टेबलला हलवलं.

१९५० साली बेडफर्डने एस नावाचा मोठा मुलकी ट्रक काढला. त्याचीच चारही चाकांना ताकद देणारी, जमिनीपासून उंच उचललेली लष्करी आवृत्ती म्हणजे आरएल. ती १९५३ पासून सैन्यात आली आणि उत्पादन थांबेपर्यंत सत्तर हजारांहून जास्त गाड्या बनल्या. आधी ती तीन टनी म्हणून ओळखली जाई, पुढे तिला चार टनी ठरवलं गेलं. इंजिन सहा सिलिंडरचं, ४,९२७ सीसीचं, पेट्रोलवर चालणारं. गियर चार, आणि त्याच्या जोडीला ट्रान्सफर गियरबॉक्स, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी. सत्तरच्या दशकात हिची जागा बेडफर्डच्याच एमके या ट्रकने घेतली.

आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला मागची चाकं खटकतात. एवढ्या मोठ्या ट्रकला मागे जोडचाकं नाहीत, एकेकच आहे. चिखलात आणि वाळूत मागचं चाक पुढच्या चाकाच्या चाकोरीतूनच जावं, नवी चाकोरी पाडण्यात ताकद वाया जाऊ नये, म्हणून ही रचना.

तुम्हाला ही ओढ कुठून लागली?

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, साठच्या दशकात बेडफर्ड चालवायचे. लष्करी नव्हे, साधा माल वाहणारा ट्रक. शाहूपुरीतून गुळाच्या ढेपा भरायच्या आणि मुंबईला मस्जिद बंदरला खाली करायच्या. खंबाटकी, कात्रज आणि बोरघाट असे तीन घाट वाटेत. घाटात ते सांगायचे, "ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतरायचं. ब्रेक हा थांबायला असतो, उतरायला नाही." आम्ही शाळेत पाढे पाठ करायचो आणि अण्णा आमच्या बाजूला बसून त्यांचा पाढा म्हणायचे: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. बेडफर्डच्या सहा सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा तो क्रम. अनेक वर्षांनी लूटनला नोकरीला आलो. एका शेतात गवतात बुडालेली आरएल दिसली. तिच्या प्लगच्या वायरी कुणीतरी सोडवून ठेवल्या होत्या, आणि माझा हात न विचारता त्या क्रमाने त्या लावू लागला. गाडी मी त्याच दिवशी घेतली.

बेडफर्डचं आणि मुंबईचं नातं त्याहून जुनं आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला होता. १९५४ साली तो बंद झाला, पण महाराष्ट्रातल्या मेस्त्रींच्या दोन पिढ्यांचे हात बेडफर्डवर बसले.

अशी गाडी आता मिळते कुठे?

पूर्वी सैन्य आपल्या जुन्या गाड्या नॉटिंगहॅमजवळ रडिंग्टनच्या डेपोत लिलावाने काढायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते लिलाव तिथून बंद झाले, आज तिथे सार्वजनिक उद्यान आहे. आता आरएल मिळते ती कुणाच्या तरी हातून कुणाच्या हाती. शेतकरी, जत्रेतले पाळणेवाले, लाकूडतोडे आणि गॅरेजवाले यांनी लिलावात घेतलेल्या गाड्या त्यांच्या मुलांना नको असतात. १९६८ साली स्थापन झालेल्या मिलिटरी व्हेइकल ट्रस्ट या संस्थेचे सभासद व्हा. जाहिरात छापून येण्याआधीच बरेच सौदे सभासदांच्या आपसांतल्या बोलण्यात ठरतात.

घाई करू नका. या गाड्या दुर्मीळ आहेत, पण इतक्या नाहीत की समोर आलेली पहिलीच घ्यावी लागेल.

बघायला गेल्यावर आधी काय बघायचं?

इंजिन सुरू करून दाखवणाऱ्याला सांगा, थांबा. आधी थंड गाडी बघा. येण्याआधीच कुणी ती तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या.

मग केबिनमध्ये चढा आणि पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबा. आरएलची चासी दणकट असते आणि बहुतेक वेळा टिकलेली असते. कुजते ती केबिन. दाराचा खालचा काठ, पायाखालचे कोपरे, चाकावरची कमान आणि केबिन ज्यांवर बसते ती ठिकाणं, या सगळ्या जागी चिखल आणि पाणी साठून राहतं. वरून जाड हिरवा रंग असतो, त्यामुळे पत्रा शाबूत वाटतो. ब्रशने फासलेल्या रंगाचे थर एकावर एक चढलेले असतात आणि आत गंजाचा भुगा असतो. टाचणी घेऊन जा. पत्र्यात टाचणी शिरली तर तो पत्रा नव्हे.

त्यानंतर इंजिनच्या ब्लॉकच्या बाजू टॉर्च मारून बघा. वर्षानुवर्षं बाहेर उभ्या असलेल्या गाडीत कुणी हिवाळ्यापूर्वी पाणी काढलं नसेल तर ते गोठून ब्लॉकला तडा गेलेला असतो. आपल्याकडच्या माणसाच्या हे लक्षात येत नाही, कारण कोल्हापुरात रेडिएटरमधलं पाणी गोठत नाही. माझ्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्या गाडीचा ब्लॉक सुदैवाने धड निघाला.

हौद्याच्या लाकडी फळ्या, ताडपत्री आणि सीटचं कापड यांची फार काळजी करू नका. हे सगळं नव्याने करता येतं. सैन्याच्या ओळखपट्ट्या मात्र केबिनमध्ये जागेवर आहेत का ते नक्की बघा. त्या एकदा गेल्या की गेल्या.

खर्च किती येतो?

मी गाडी साडेतीन हजार पौंडांना घेतली. त्यानंतर पाच वर्षांत तिच्यावर त्याच्या तिपटीहून जास्त खर्च झाला, तोही मजुरी न धरता. सर्वांत मोठे आकडे टायर, ब्रेक आणि शेडचं भाडं यांचे होते. भाडं लोक धरतच नाहीत. गाडी सुमारे एकवीस फूट लांब आणि ताडपत्रीसकट दहा फुटांहून उंच, त्यामुळे घराच्या गॅरेजात ती जात नाही. आधी छप्पर शोधा, मग गाडी. इंग्लंडच्या पावसात ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी तुम्ही एका बाजूने दुरुस्त करता आणि दुसऱ्या बाजूने ती कुजत राहते.

विकून पैसे परत येतील का, असं विचाराल तर, नाही. ज्याला गुंतवणूक करायची आहे त्याने हे करू नये.

कामाची सुरुवात कुठून करायची?

ब्रेकपासून. हे उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे, कारण जवळजवळ प्रत्येक नवा मालक इंजिनपासून सुरुवात करतो. इंजिन सुरू झाल्याचा आनंद मोठा असतो, हे मी जाणतो. पण साडेचार टनांची गाडी सुरू झाली की ती चालते, आणि चालली की थांबवावी लागते.

आरएलचे ब्रेक हायड्रॉलिक आहेत, जोडीला पायाचा जोर वाढवणारा सर्वो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे सगळ्या चाकांना एकच लाइन जाते. आजच्या गाडीत दोन स्वतंत्र लाइन असतात, एक फुटली तरी दुसरी पकडते. इथे एक पाइप फुटला, एक रबर फाटलं की पायाखालचं पेडल थेट तळाला जातं आणि उरतो फक्त हँडब्रेक.

माझ्याबाबतीत हे घडलेलं आहे. पहिल्याच वर्षी मी मागचे पाइप "अजून चांगले दिसतात" म्हणून ठेवले. शेताच्या रस्त्यावर, चालण्याच्या वेगात, मागच्या अ‍ॅक्सलवरचा पाइप पत्र्याच्या पट्टीखाली फुटला. ती पट्टी पाइपला धरून ठेवते, तिच्याखाली पाणी साठतं आणि तिथे गंज डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या गियरमध्ये होतो म्हणून इंजिनने गाडी धरली. अण्णांचं घाटातलं वाक्य त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने कळलं. त्यानंतर मी गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि ब्रेकमधला प्रत्येक पाइप, प्रत्येक रबरी नळी, प्रत्येक व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि सर्वोचं डायफ्राम (आतला रबरी पडदा) नवं घातलं किंवा नव्याने बांधून घेतलं. पाइप तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे टाकले, ते गंजत नाहीत. सगळ्या कामाला आठ महिने लागले.

ब्रेकनंतर स्टिअरिंग: किंगपिन (ज्या खिळीभोवती पुढचं चाक वळतं ती), बुश आणि सांधे. मग चाकं. मग इंजिन. रंग सर्वांत शेवटी.

पण इंजिन अडकलेलं असेल तर?

अडकलेलं इंजिन जोर लावून फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकातून पातळ तेल सोडा, आठवडाभर तसंच राहू द्या, मग हाताने हळू हळू पुढे-मागे हलवा. माझं इंजिन सोळाव्या दिवशी सुटलं. टो करून, गियर टाकून झटका देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या पिस्टनच्या रिंगाही मी नंतर पाहिल्या आहेत.

सुटल्यावरही लगेच सुरू करायचं नाही. ऑइलचं चेंबर उतरवून तळाचा गाळ साफ करा. जुन्या तेलाचा गाळ डांबरासारखा बसलेला असतो आणि नवं तेल घातलं की तो सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली असणार, तिला तात्पुरतं बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा इंजिन छोट्या डब्यातून पेट्रोल देऊन चालवा. ठिणगी पाडणारे पॉइंट साफ करा, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर नवा टाका. इतकं करून ठिणगी आणि पेट्रोल वेळेवर पोचलं तर हे इंजिन सुरू होतं. ते साधं आहे, आणि अंधारात, पावसात, विशी-बाविशीतल्या पोरांकडून दुरुस्त व्हावं म्हणून मुद्दाम साधं केलेलं आहे.

पुढून हँडल फिरवून इंजिन सुरू करत असाल तर अंगठा मुठीच्या पलीकडे वळवू नका, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवा. इंजिनने उलटा झटका दिला तर पलीकडचा अंगठा मोडतो.

आजचं पेट्रोल चालतं का?

चालतं, पण सांभाळून. यात दोन गोष्टी आहेत. पहिली शिशाची. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. ब्रिटनमध्ये २००० सालापासून त्याची सर्वसाधारण विक्री बंद आहे. शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेला, संरक्षण मिळायचं. इंजिनचं हेड उतरवण्याची वेळ आलीच तर कडक सीट बसवून घ्या. तोवर पेट्रोलमध्ये मिसळायचं द्रव वापरा आणि गाडी ताणू नका.

दुसरी इथेनॉलची. सप्टेंबर २०२१ पासून इथे साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या, पंपाचं डायफ्राम आणि कार्बोरेटरची पॅकिंग त्याने फुगतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे हिवाळाभर उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. मी पाच टक्क्यांचं महाग पेट्रोल घालतो आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाकल्या आहेत. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांवर नेलं आहे, तेव्हा भारतात जुनी गाडी ठेवणाऱ्यांनी हे काम आधी करावं.

मायलेज?

माझ्या गाडीचं लिटरला तीन किलोमीटरच्या आत.

सुटे भाग मिळतात का?

बेडफर्डचा एकेकाळचा पसारा अजून कामाला येतो. लष्करी आरएल आणि मुलकी एस यांचे बरेच भाग सारखे आहेत, आणि सैन्याने पन्नास वर्षं पुरेल इतका साठा करून ठेवला होता. मेणकागदात गुंडाळलेला, ग्रीस फासलेला, साठच्या दशकातल्या तारखेचा व्हील सिलिंडर आजही हाती लागतो. पण फसू नका. सिलिंडरची धातू नवी असते, आतलं रबर साठ वर्षांचं झालेलं असतं. पुडी न उघडता बसवायचं नाही.

अवघड जातात ते केबिनचे पत्रे. ते कुणी बनवत नाही. एक तर मेलेल्या गाडीतून कापून घ्यायचे किंवा हाताने ठोकून करायचे. मी दाराचे खालचे काठ स्वतः ठोकले. पहिले दोन फेकून दिले, तिसरा बसला.

बेडफर्ड कंपनी आता नाही. १९८७ साली जनरल मोटर्सने डन्स्टेबलचा ट्रक कारखाना विकला, तो एडब्ल्यूडी नावाने चालला आणि १९९२ साली तोही बुडाला. लूटन-डन्स्टेबलच्या जुन्या कामगारांना भेटा. मेळाव्यात एक वयस्कर गृहस्थ माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर हात फिरवत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "या रांगेवर मी वायरिंग करायचो." त्यांनी मला पाच मिनिटांत एक दोष दाखवला. तो मी वर्षभर शोधत होतो.

कुठले पाने लागतात?

मिलिमीटरचे पाने घरी ठेवा. ही गाडी इंचांची आहे. बेडफर्डवर अमेरिकन मालकीमुळे बहुतेक आटे अमेरिकन वळणाचे, पण बाहेरून आलेल्या भागांवर जुने ब्रिटिश आटे सापडतात आणि बारीक विजेच्या स्क्रूंना वेगळाच आटा असतो. जवळपास बसतो म्हणून लावलेला पाना नटाचे कोपरे खातो. सुटलेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवा. डब्यात एकत्र टाकू नका.

वायरिंगला हात लावण्याआधी व्होल्ट तपासा. लष्करी गाड्यांत १२ व्होल्टही असतात आणि वायरलेस बसवलेल्या गाड्यांत २४ही.

टायर मी स्वतः बदलू शकतो का?

नाही. आपल्याकडे ट्रकच्या पंक्चरवाल्याकडे रिंगवाली चाकं पाहिली असतील. रिंग नीट बसली नसेल आणि हवा भरली तर ती तोफगोळ्यासारखी उडते आणि माणूस मरतो. लोखंडी पिंजरा असलेल्या, जुनी ट्रकची चाकं जाणणाऱ्या टायरवाल्याकडेच जा.

युद्धकाळातल्या गाड्या घेणाऱ्यांनी तर आणखी जपावं. त्यांतल्या अनेकांची चाकं दोन अर्धुकांची असतात, बोल्टने जोडलेली. चाक गाडीपासून सोडवायचे नट वेगळे आणि अर्धुकं जोडणारे वेगळे. जोडणारे नट सैन्यात लाल रंगवत, कारण टायरमध्ये हवा असताना तो नट सोडणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही. रंग उडालेला असेल तर तो आधी पुन्हा लावा.

टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नव्यासारखी असली तरी वीस वर्षांचा टायर घेऊ नका.

अ‍ॅस्बेस्टॉसचा धोका खरा आहे का?

खरा आहे. अ‍ॅस्बेस्टॉस हे उष्णता सोसणारं तंतूंचं खनिज, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक. ब्रेकची आणि क्लचची जुनी लायनिंग, काही गॅस्केट आणि एक्झॉस्टवर गुंडाळलेलं कापड यांत ते असतं असंच धरून चाला. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कंप्रेसरने उडवू नका, ब्रशने झाडू नका. ओली करा, पुसा, पिशवीत बंद करा, योग्य मास्क घाला. अण्णा आणि त्यांच्या बरोबरचे मेस्त्री ही धूळ तोंडाने फुंकायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रंग कुठला द्यायचा?

आधी हे ठरवा की गाडी तिच्या आयुष्यातल्या कुठल्या वर्षी उभी करायची आहे. पन्नास आणि साठच्या दशकात ब्रिटिश सैन्याच्या गाड्यांना चकचकीत गडद हिरवा रंग असे: डीप ब्राँझ ग्रीन, ब्रिटिश मानकात क्रमांक २२४. पुढे मंद, चमक नसलेला नेटो हिरवा आला, क्रमांक २८५, आणि त्यावर काळे पट्टे. दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती १९५८ ची पाटी, १९७५ चा रंग आणि महायुद्धातला अमेरिकन तारा एकाच गाडीवर काढण्यात. हे मी फार वेळा पाहतो आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण गाडी स्वतः काय होती ते सांगत असते आणि आपण तिच्या तोंडात भलतेच शब्द घालतो.

जुना रंग सरसकट खरवडून काढू नका. लपलेल्या जागी, दाराच्या आतल्या बाजूला, बारीक पाणकागदाने बोटभर जागा घासत जा. झाडाच्या वलयांसारखे थर दिसतात. माझ्या गाडीवर पाच थर निघाले, आणि तिसऱ्याखाली पांढऱ्या अक्षरांतला लष्करी नंबर. त्या रात्री मी घरी जेवायला उशिरा पोचलो.

मागच्या अ‍ॅक्सलमधला गोल डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गोळा) पांढरा रंगवलेला दिसेल, तो तसाच ठेवा. रात्री ताफा दिवे बंद करून चालायचा, तेव्हा हौद्याखालचा एक बारीक दिवा त्या पांढऱ्या गोलावर पडायचा. मागचा चालक तेवढ्या एका ठिपक्यामागे जायचा. पुढच्या बाजूची पिवळी गोल पाटीही तशीच ठेवा. तिच्यावरचा काळा आकडा म्हणजे गाडीचा वजनवर्ग. पुलाच्या पाटीवरचा आकडा त्याहून कमी असेल तर त्या पुलावर जायचं नाही.

माझी गाडी सैन्यात कुठे होती, ते कळेल का?

लष्करी नंबर सापडला तर बरंच कळतं. १९४९ नंतर हे नंबर दोन अंक, दोन अक्षरं, दोन अंक अशा रचनेचे होते. रॉयल लॉजिस्टिक कोरचं संग्रहालय आता विंचेस्टरजवळ वर्दी डाउनला आहे. तिथे त्या काळापासूनच्या सैन्यवाहनांच्या नोंदी आहेत. शुल्क भरून उतारा मागता येतो. माझ्या कार्डावर गाडी कुठल्या डेपोत आली, कुठल्या तुकडीला दिली आणि कधी काढून टाकली एवढंच आहे. तिने काय वाहिलं, ते नाही. तरी ते कार्ड मी चौकटीत लावलं आहे.

ब्रिटिश सैन्याची गाडी, आणि तुम्ही भारतीय. खटकत नाही का?

हा प्रश्न मला इंग्रजांनी कधी विचारला नाही, आपल्याच लोकांनी विचारला, आणि तो योग्य आहे. आरएल १९५६ साली सुवेझला गेली. सायप्रस, मलाया, एडन इथेही ती होती, आणि तिथल्या लोकांना ती नको असलेल्या राज्यकर्त्यांची गाडी होती. मेळाव्यात कुणी विचारलं तर मी हे सांगतो. गाडीसमोरच्या फलकावरही लिहिलं आहे.

मी सांभाळतो ते त्या राज्याचं वैभव नव्हे. ब्रिटनमध्ये तेव्हा सक्तीची लष्करी सेवा होती. ही गाडी चालवणारे बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांचे होते, त्यातल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलेलं स्टिअरिंग हेच. बनवणारे लूटन-डन्स्टेबलचे कामगार. ग्रीस पंप करणाऱ्या, चाक बदलणाऱ्या, पहाटे थंड इंजिन सुरू करणाऱ्या माणसांना कुठे पुतळे नसतात. अण्णांचा ट्रक भंगारात गेला. त्याचा एक फोटोही आमच्याकडे नाही. म्हणून ही गाडी मला चालती हवी आहे.

चालवायला कुठलं लायसन्स लागतं?

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ नंतर गाडीची परीक्षा दिलेल्याला साडेतीन टनांपर्यंतच परवानगी मिळते. त्याआधीच्यांना साडेसात टनांपर्यंत. माझ्या गाडीचं भरलेलं वजन त्याहून जास्त. १९६० पूर्वीच्या, रिकाम्या चालवल्या जाणाऱ्या मालट्रकना काही सवलती आहेत, पण त्या अटींवर टांगलेल्या असतात. हौद्यात सामान भरलं की अट मोडली. मी सरळ अवजड वाहनाचं सी वर्गाचं लायसन्स काढलं. त्या प्रशिक्षणाचा मला गाडीइतकाच उपयोग झाला. कर लागत नाही, चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना तो माफ आहे. तपासणीचे नियम वजन आणि वापर यांप्रमाणे बदलतात, तेव्हा तुमच्या गाडीबद्दल संबंधित खात्याकडून लेखी उत्तर घ्या. आणि माफी असली तरी दरवर्षी कुणा जाणत्याकडून गाडी तपासून घ्या. मी घेतो.

चालवायला कशी वाटते?

इंजिन तुमच्या शेजारी, झाकणाखाली, जवळजवळ मांडीला लागून. उन्हाळ्यात केबिन भट्टी होते, हिवाळ्यात तेच झाकण म्हणजे शेगडी. आवाजामुळे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीचं चाक वळवायचा प्रयत्न करू नका, जरा हलू द्या मग वळवा. गियर खाली आणताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये न्यूट्रलमध्ये थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. हे जमलं की गियर लोण्यात सुरी जावी तसा पडतो. ताशी साठ-पासष्टवर ती खूष असते. त्यापुढे नेऊ नका.

पुढच्या चाकांची ताकद फक्त चिखलात, गवतावर, वाळूत जोडा. कोरड्या डांबरावर जोडून वळलात तर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि तो ताण घसरून निघायला जागा नसल्याने गियरबॉक्सवर येतो.

ग्रीन गॉडेस हीच का?

भावंडं. १९५३ ते १९५६ दरम्यान ब्रिटिश सरकारने अणुहल्ल्याच्या भीतीने राखीव अग्निशमन दलासाठी आरएल आणि एसवर हिरवे बंब बांधले. अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या १९७७ आणि २००२च्या संपांत सैनिकांनी तेच चालवले. पुढे ते विकले गेले. बरेच फार कमी चाललेले आहेत, त्यामुळे पहिली जुनी गाडी म्हणून चांगले. मात्र कमी चाललेल्या गाडीचंही रबर म्हातारं होतंच.

ही भारतात आणता येईल का?

मी आणणार नाही. जुन्या वाहनांच्या आयातीवर निर्बंध आणि मोठं शुल्क आहे. २०२१ च्या विंटेज नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि पुनर्नोंदणीला पाच हजार. पण तो नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकी डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे, ट्रक त्यात सहज बसत नाही. त्यापेक्षा आपल्याकडे शेताच्या बांधावर, साखर कारखान्यांच्या आवारात जुन्या बेडफर्ड आणि डॉज अजून उभ्या असतील तर त्या वाचवा. त्यांची कहाणी आपली आहे.

महाराष्ट्रात लूटनचं काम बघायचं असेल तर अहिल्यानगरला, जुन्या नगरला, रणगाडा संग्रहालयात जा. तिथला चर्चिल रणगाडा व्हॉक्सहॉलने घडवलेल्या जातीचा आहे, आणि त्याला ढकलणारं बारा सिलिंडरचं इंजिन बेडफर्डचं.

घरचे काय म्हणतात?

पहिली दोन वर्षं बायको शेडवर आली नाही. तिसऱ्या वर्षी ताडपत्री शिवायला कुणी मिळेना, तेव्हा तिने माप घेतलं. आज हौद्यावर आहे ती ताडपत्री तिच्या हातची. मुलगा पाना ओळखतो, मराठी वाचायचा कंटाळा करतो. त्याला ठिणगीचा क्रम मी मराठीतच शिकवला आहे.

बघायला आलो तर बसता येईल का?

हो, सगळ्यांना. उन्हाळ्यात बहुतेक रविवारी मी शेडवर असतो. साडी असेल तर मागच्या फळीला शिडी लावून हौद्यात बसा. केबिनमध्ये चढताना दाराला लोंबकळू नका, बिजागरी जुनी आहे. दोन हात आणि एक पाय पक्का झाल्यावरच दुसरा पाय उचला. लहान मुलांना छताच्या गोल झाकणातून डोकं बाहेर काढून बघायला आवडतं. गाडी उभी असताना जरूर काढू द्या, चालत असताना नाही.